साल सोलणारा नाणा: कोकणात हे झाड ओळखायचं कसं, राखायचं कसं आणि लावायचं कसं

अमेरिका-कॅनडात असलेली आपली माणसं ऑक्टोबरात पानगळीचे फोटो पाठवतात ना, त्यात एक झाड हमखास असतं. पिवळसर सोनेरी खोड आणि त्यावरून कागदाएवढी पातळ साल आडवी वळत वळत सुटलेली. तो यलो बर्च, शास्त्रीय नाव बेट्युला अ‍ॅलेघॅनिएन्सिस, म्हणजे आपल्या हिमालयातल्या भूर्जाच्याच कुळातला. त्याची कोवळी काडी मोडली की गंधपुऱ्याच्या तेलाचा वास येतो, सांध्यांना चोळायच्या बामात असतो तोच. क्युबेक प्रांताने 1993 मध्ये त्याला आपलं मानाचं झाड ठरवलं. झाड देखणंच आहे, त्यामुळे फोटो बघितला की लोक विचारतात, बी मागवून आपल्या वाडीत लावू का?

नका लावू. त्याचं बी रुजायला आधी महिना-दोन महिने ओल्या थंडीत, साधारण फ्रीजमधल्या तापमानात राहावं लागतं. ते तुम्ही फ्रीजमध्ये ठेवून जमवाल, रोपही येईल कदाचित, पण पुढे त्या झाडाला दर वर्षी लांबलचक गारठा लागतो, उन्हाळाही थंड लागतो आणि मुळाशी गार ओल लागते. आपल्याकडे रत्नागिरी-मालवणात जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा सहसा 15 च्या खाली जात नाही आणि एप्रिलमध्ये कातळावर अनवाणी पाय टेकवत नाही. भूर्जाचं पण तेच, तो हिमालयात 3000 मीटरच्या वर राहणारा आणि आपलं महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच कळसूबाई 1646 मीटर. म्हणजे विषयच संपला.

पण सालीचे पापुद्रे सुटणारं, गोऱ्या खोडाचं, उंच सरळ वाढणारं झाड पाहिजे असेल तर ते तुमच्या वरकस, म्हणजे भातशेतीबाहेरच्या डोंगरउताराच्या, जमिनीत बहुतेक आधीपासून उभं आहे, फक्त झुडपाच्या रूपात, कारण दर काही वर्षांनी जळाऊ लाकडाच्या तोडीत ते जातं. त्याचं नाव नाणा. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि माझं म्हणणं एवढंच की आधी ओळखा, मग आहे ते राखा, आणि त्यानंतर नवीन लावा. बरेच जण थेट तिसऱ्या पायरीवर उडी मारतात, जेसीबीने डोंगर साफ करून घेतात आणि मग नर्सरीतून रोपं आणून खड्डे खणतात, त्यात शंभर नाणे, ऐन, किंजळ मुळासकट जातात आणि कुणाला पत्ताही लागत नाही.

नाणा म्हणजे कोण

लॅजरस्ट्रोमिया मायक्रोकार्पा. जुन्या पुस्तकांत लॅजरस्ट्रोमिया लॅन्सिओलाटा लिहिलेलं सापडेल, झाड तेच. मेंदीच्या कुळातला आहे आणि आपलं राज्यफूल तामण त्याचा सख्खा भाऊ, दोघंही लॅजरस्ट्रोमियाच. तामणाची फुलं मोठी जांभळी म्हणून तो रस्त्याच्या कडेला, बंगल्यासमोर पोचला. नाण्याची फुलं बारीक पांढरी म्हणून तो रानातच राहिला. पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याची कोकणपट्टी हे त्याचं खरं घर, मोकळी वाढ मिळाली तर 20 मीटरच्या वर जातो. लाकूड तांबूस, घट्ट, जुन्या घरांच्या बांधकामात वापरलेलं.

पुष्कळांनी पूर्ण वाढलेला नाणा पाहिलेलाच नसतो. त्यासाठी देवराईत जा, किंवा एप्रिलअखेर ते मे मध्ये आंबा घाट, फोंडा घाट, आंबोली यांपैकी कुठून तरी दिवसा उतरा आणि उतारावर पांढऱ्या घोसांनी भरलेली उंच झाडं दिसतात का ते बघा. एकदा मोठा नीट पाहिला की मग छोटा ओळखायला सोपं जातं.

पायरी 1: ओळख, सालीपासून सुरुवात

खोड गुळगुळीत, फिकट, पांढुरकं-राखाडी ते किंचित पिवळट तपकिरी. त्यावरून पातळ पापुद्रे सुटतात आणि खाली नवीन फिकट साल दिसते. पेरूचं खोड सगळ्यांनी लहानपणी सोललेलं असतं, साधारण त्या जातीचा प्रकार, फक्त झाड खूप मोठं आणि रंग जास्त गोरा. कोयत्याने टवका काढून बघायची काही गरज नाही, ती सवय सोडाच, जखमेतून बुरशी आत जाते. सुटलेला पापुद्रा बोटाने उचलला तरी पुरे.

नुसत्या सालीवर जाऊ नका मात्र, फसायला होतं. आपल्याकडे गोऱ्या खोडाची बाकीचीही झाडं आहेत. सगळ्यात जास्त गोंधळ कांडोळाशी होतो, त्याची सालही कागदासारखी सुटते आणि खडकाळ डोंगरावर उन्हाळ्यात तो पांढराफटक उभा असतो. पण कांडोळाचं पान हाताच्या पंजासारखं पाच भागांत कातरलेलं आणि फांदीच्या टोकाला गर्दी करून येतं, फळांवर खाज आणणारी लव असते, हात लावू नका. नाण्याचं पान साधं, अखंड कडेचं. दुसरा अर्जुन, तो आपल्याकडे जास्त करून लावलेला सापडतो, त्याची साल मोठ्या ढलप्यांत निघते आणि फळाला पाच पंख असतात. तिसरी नीलगिरी, तिचं पान चुरगळलं की वासच सांगतो. आणि चौथा बोंडारा, हा नाण्याचा दुसरा भाऊ, लॅजरस्ट्रोमिया पार्विफ्लोरा, तो कोरड्या बाजूला जास्त, आणि काही गावांत नाण्यालाच बोंडारा म्हणतात त्यामुळे नावावरून भांडू नका, झाड बघा.

आता पान. नाण्याची पानं समोरासमोर किंवा जवळजवळ समोरासमोर येतात, लांबट, टोकाला निमुळती, साधारण बोटभर ते त्याहून थोडी लांब. मुख्य खूण म्हणजे पान उलटं करा, खालची बाजू वरच्यापेक्षा स्पष्ट फिकट, पांढुरकी असते. वारा सुटला की लांबून झाड पांढरं-हिरवं चमकतं ते त्यामुळेच.

पान उलटं केलंच आहे तर देठाजवळ पण बघून घ्या, कारण इथेच ऐन आणि किंजळ वेगळे पडतात. या तिघांचे फुटवे एकाच बांधावर शेजारी शेजारी असतात आणि कोवळे असताना नवख्याला सगळे सारखेच वाटतात. ऐनाच्या पानाला खालून देठाजवळ मधल्या शिरेवर दोन गाठी असतात, पुळीएवढ्या, बोटाला लागतात. किंजळालाही पानाच्या बुडाशी अशा ग्रंथी सापडतात. नाण्याला नाहीत. खोड थोडं जुनं झालं की मग प्रश्नच राहत नाही, ऐनाची साल काळपट, जाड, चौकोनी तुकड्यांत खोल तडकलेली असते, किंजळाची गडद तपकिरी, उभ्या उथळ भेगांची, आणि नाणा मधेच गोरा.

मोसमाप्रमाणे ओळखणं मला सगळ्यात खात्रीचं वाटतं. तिघंही फुलतात ते वेगवेगळ्या वेळी. नाणा एप्रिल ते जून, नव्या पालवीबरोबर फांद्यांच्या टोकाला पांढऱ्या बारीक फुलांचे घोस, पाकळ्या चुरगळलेल्या कापडासारख्या, तामणाचं फूल पाहिलं असेल तर घडण तीच. ऐन मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडाला, मळकट पांढरे तुरे. आणि किंजळ पाऊस सरत आला की, ऑगस्टनंतर, आणि त्याची खरी गंमत त्यानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पंखवाल्या बारीक फळांनी सगळं झाड गंजाच्या रंगाचं लालसर होतं. मुंबई-गोवा हायवेवरून जाताना भात कापणीच्या वेळी डोंगरावर जे तांबडे ठिपके दिसतात त्यात किंजळ भरपूर असतो, लोकांना वाटतं पानं वाळलीयत, ती फळं असतात.

फळावरून तर डोळे मिटून. ऐनाच्या फळाला पाच रुंद पंख. किंजळाच्या फळाला एक मोठा आणि दोन छोटे. नाण्याचं बोंड असतं, लहान, लंबगोल, टणक, सुकलं की फाटतं आणि आतून पंखाचं हलकं बी उडून जातं. रिकामी फाटलेली बोंडं फांदीवर पुढेही बरेच दिवस राहतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये झाड निष्पर्ण असलं तरी मान वर करून बोंडं दिसली की ओळखता येतं.

पायरी 2: लावायच्या आधी आहे ते शोधा

ही पायरी लोक गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे.

कोकणातली बहुतेक खाजगी डोंगरउताराची जमीन पुन्हा पुन्हा तोडलेली असते. भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, ऐन-किंजळाचा टहाळ काढायची पद्धत पिढ्यान् पिढ्यांची आहे, त्यावर जळाऊ लाकडाची तोड. पण नाणा, ऐन, किंजळ हे तिन्ही बुंध्यातून परत फुटतात. वर दिसतं झुडूप, खाली जमिनीत मुळांचा जुना भक्कम पसारा असतो. नर्सरीतलं रोप ती मुळं तयार करायला किती वर्षं घेईल याचा विचार करा, आणि इथे ती फुकट तयार आहेत. एक निवडलेला फुटवा शेजारी लावलेल्या रोपाला सहज मागे टाकतो.

काय करायचं ते सांगतो. पावसाळा संपल्यावर, गवत अजून पूर्ण वाळलेलं नाही अशा वेळी, ऑक्टोबरअखेर, जमीन पायी फिरा. बरोबर जुन्या साड्यांच्या चिंध्या घ्या, वेगवेगळ्या रंगाच्या. नाण्याला पांढरी, ऐनाला काळी, किंजळाला तांबडी असं काहीही ठरवा आणि दिसलेल्या प्रत्येक बुंध्याला बांधत जा. गावातला कुणी जुना जाणता, गुरं राखलेला माणूस बरोबर असला तर फार बरं. "काका, ह्यो कसला फुटवा?" असं विचारलं की ते चालता चालता सांगतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्याएवढं ज्ञान कुठल्याच अ‍ॅपमध्ये नाही, कारण अ‍ॅपला पान लागतं, त्यांना तुटका बुंधाही पुरतो.

मग फुटवे निवडायचे. एका बुंध्यावर अनेक फुटवे एकमेकांशी भांडत असतात. त्यातले जमिनीलगत, अगदी खालून निघालेले ठेवायचे. वर कापल्या तोंडाजवळून निघालेला फुटवा कितीही जाडजूड दिसला तरी काढा, कारण जुना बुंधा कुजत गेला की त्याचा आधार सुटतो आणि मोठा झाल्यावर वादळात मुळाशी फाटतो. खालचा फुटवा पुढे स्वतःची मुळं धरतो. पहिल्या वर्षी दोन-तीन ठेवा, एकदम एकावर येऊ नका, गुरांनी किंवा वाऱ्याने मोडला तर हातात काही उरत नाही. दोनेक वर्षांनी त्यातला सरळ, जोमदार असा एक किंवा फार तर दोन. कापायचं ते कोरड्या दिवसांत, धारदार कोयत्याने किंवा करवतीने, स्वच्छ आणि तिरकं, म्हणजे पाणी साठणार नाही. साल खाली सोलली जाता कामा नये.

एवढं झालं की कळतं जमिनीत मोकळ्या जागा खरोखर किती आहेत. रोपं लावायची ती त्या जागांत.

पायरी 3: बी गोळा करणं

नाण्याची बोंडं हिवाळ्यात पिकतात, डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत झाडावर लक्ष ठेवावं लागतं. बोंड हिरव्याचं तपकिरी झालं पण अजून फाटलं नाही ती वेळ धरायची. फाटलं की बी गेलं, वाऱ्यावर. काठीला आकडी बांधून बारीक डहाळ्या काढा, मोठी फांदी मोडू नका.

एकाच झाडाचं बी घेऊ नका. निदान आठ-दहा झाडं, एकमेकांपासून लांबची, आणि शक्य असेल तर तुमच्याच तालुक्यातली. भावंडांचंच रान उभं केलं तर पुढच्या पिढीचं बी कमजोर निघतं, आणि लांबून आणलेल्या बियाण्याला आपल्या पावसाची सवय नसते. देवराईतलं घ्यायचं असेल तर आधी गावकऱ्यांना, मानकऱ्यांना विचारा, बरेच ठिकाणी तिथली काडीसुद्धा बाहेर नेत नाहीत आणि त्यामुळेच ती राई टिकलीय.

घरी आणून बोंडं पेपरवर पसरा, पंखा बंद, वारा नको. काही दिवसांत फाटतात, मग पेपरवरच हलकेच झटका, बी खाली पडतं. बी अगदी हलकं आणि त्यातलं सगळंच भरलेलं नसतं. थोडं बी नखाने किंवा ब्लेडने कापून बघा, आत पांढरा गर दिसला तर भरलेलं. साठवून ठेवू नका, त्याच हंगामात पेरा.

ऐनाची फळं फेब्रुवारी ते एप्रिल झाडाखाली गोळा करता येतात, किडकी टाकून द्या. किंजळाची जानेवारीच्या आसपास, पण किंजळात पोकळ फळांचं प्रमाण खूप मोठं, त्यामुळे जमेल तेवढं जास्त गोळा करायचं आणि दाट पेरायचं, एवढाच उपाय.

पायरी 4: रोपवाटिका, अंगणातली

मोठं काही लागत नाही. माती, वाळू, खत. दोन घमेली चाळलेली तांबडी माती, एक घमेलं नदीची वाळू (समुद्राची अजिबात नको, मीठ असतं), एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत. आपली जांभ्याची माती पाण्याने घट्ट बसते म्हणून वाळूत कंजूषी करू नका.

नाण्याचं बी थेट पिशवीत टाकायच्या भानगडीत पडू नका, बारीक आहे, वाया जातं. उथळ ट्रे किंवा फुटक्या माठाचा तळ घ्या, खाली भोकं असलेला, त्यात वाळू जास्त असलेलं मिश्रण भरा, आधी भिजवा, मग बी वर सारखं पसरा आणि फक्त चाळलेल्या वाळूचा इतका पातळ थर द्या की बी जेमतेम झाकलं जाईल. खोल गेलं तर उगवत नाही. पाणी वरून झारीने ओतलं की बी एका कोपऱ्यात वाहून जातं, त्यापेक्षा ट्रे पाण्याच्या परातीत ठेवा, खालून ओल चढू द्या. मार्च-एप्रिलमध्ये पेरलं तर साधारण दोन ते चार आठवड्यांत कोंब दिसू लागतात, सगळे एकदम नाही, मागून मागूनही येतात, त्यामुळे ट्रे लगेच रिकामा करू नका.

इथे एक धोका, रोपं एका रात्रीत देठाशी बारीक होऊन आडवी पडतात. ती मर आहे, बुरशीमुळे, आणि कारण बहुतेक वेळा जास्तीचं पाणी आणि कोंदट हवा. मे महिन्यात आपल्याकडे हवा आधीच दमट असते. सकाळी एकदाच पाणी, ट्रेला खेळती हवा, आणि दाट झालेली रोपं लवकर विरळ करणं, यानेच आटोक्यात येते.

दोन-चार पानं झाली की पिशवीत हलवा. 15 बाय 25 सेंटीमीटरची पिशवी बरी पडते. संध्याकाळी हलवायचं, रोप पानाला धरून उचलायचं, देठाला नाही. मग दोन-तीन आठवडे सावलीत, हिरवी शेडनेट असेल तर उत्तम, नाहीतर माडाच्या झावळ्यांचा मांडव घाला. तो मांडव पावसाळ्यातही लागतो, कारण जुलैचे थेंब इवल्या रोपाला अक्षरशः मातीत गाडतात. गोगलगायींवर लक्ष ठेवा, रात्री टॉर्च घेऊन वेचून काढणं हाच खात्रीचा मार्ग.

नाण्याचं रोप त्याच वर्षीच्या जूनला लावायला फार लहान असतं. पूर्ण एक वर्ष पिशवीत वाढवा, मधे एकदा मोठ्या पिशवीत घाला, आणि पुढच्या जूनला लावा. हळूहळू मांडव काढून उन्हाची सवय करायची, ऑक्टोबरच्या उन्हात एकदम उघडं टाकलं तर पानं करपतात.

ऐनाचं उलट आहे. फळं दोन दिवस पाण्यात भिजवून एप्रिल-मे मध्ये पेरा. त्याचं सोटमूळ भराभर खाली जातं आणि पिशवीच्या तळाशी गोल गोल गुंडाळतं, असं गुंडाळलेलं मूळ पुढे कधी नीट सुटत नाही. म्हणून लांब पिशवी वापरा आणि वर्षापेक्षा जास्त ठेवू नका, किंवा सरळ पावसाच्या सुरुवातीला जागेवरच दोन-तीन फळं टोबा.

बी-बिचं काही जमत नसेल तर अजून एक सोपी वाट आहे. जुलैत मोठ्या झाडाखाली, ओल्या घळीत, आपसूक उगवलेली इवली रोपं असतात. पावसाच्या संध्याकाळी सुरीने मातीच्या गोळ्यासकट उचला, पिशवीत लावा, सावलीत ठेवा. थोडीच घ्या, सगळी नको. आणि हे आपल्या जमिनीतलं किंवा मालकाला विचारून, राखीव जंगलातलं नाही. सामाजिक वनीकरणाच्या तालुका रोपवाटिकेतही चौकशी करा, ऐन-किंजळ मिळून जातात, नाण्यासाठी आधी सांगून ठेवावं लागतं.

पायरी 5: जागा

पहार घ्या आणि जमिनीत ठोका. अर्ध्या फुटावर खणकन आवाज आला तर खाली सलग कातळ आहे, तिथे नाणा लावू नका, जगला तरी खुरटतो. नाण्याला खोल माती आवडते, डोंगराचा खालचा उतार, व्हाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही बाजू, जुन्या वरकसाच्या बांधाकडचा भाग, निदान दोन-अडीच फूट पहार गेली पाहिजे. पाणी मात्र तुंबता नये. जड, चिकट जमीन असेल तर तिथे ऐन जास्त बरा. पूर्ण उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, यातलं काहीच नको, सडा ही मुळातच गवताची आणि पावसाळी फुलांची जागा आहे, तिला झाडांनी भरायचा हट्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

समुद्रालगत घर असेल तर पहिली रांग नाण्याची नको, खारा वारा पानं जाळतो. पुढे उंडी, करंज यांची भिंत करा, त्यांना खारं वारं चालतं, आणि त्यांच्या आडोशाला, थोडं आत, नाणा.

मिरीची वेल चढवायचा विचार असेल तर नाण्यावर नको. साल सुटते म्हणजे वेलीने धरलेली मुळंही सुटतात. त्यासाठी खरखरीत सालीचा आंबा, फणस किंवा ऐन.

पायरी 6: खड्डा आणि लागवड

खड्डे एप्रिल-मे मध्येच खणून ठेवा, दीड बाय दीड बाय दीड फूट, ऊन खाऊ दे. वरची काळसर माती एका बाजूला, खालची मुरमाड दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती आधी खाली घालायची, त्यात घमेलंभर कुजलेलं शेणखत आणि मूठ-दोन मूठ करंजाची किंवा निंबाची पेंड, वाळवीसाठी. हिरवा पाला किंवा न कुजलेलं शेण खड्ड्यात घातलं तर वाळवीला आपणच बोलावणं दिलं म्हणून समजा.

अंतर 3 मीटर धरलं तर गुंठ्याला साधारण 11 झाडं बसतात, एकरी साडेचारशेच्या आसपास. 4 मीटर धरलं तर एकरी अडीचशे. मी 3 मीटरच सुचवेन, दाट लावलं की झाडं सरळ वर जातात, गवत लवकर दबतं, आणि पुढे विरळ करता येतं. सगळा नाणाच लावू नका. नाणा, ऐन, किंजळ मिसळून, मधे जांभूळ, कोकम, आवळा. पहिल्या तिघांचीच फुलं एप्रिलपासून पाऊस सरेपर्यंत मागोमाग येत राहतात, मधमाश्यांना याहून चांगलं काय पाहिजे.

मृगाच्या पहिल्या सरीत धावत सुटू नका. वळवाचा पाऊस जमीन वर वर भिजवतो आणि मग आठ-दहा दिवस ऊन पडलं की रोप जातं. हातभर खोल ओल झाली की, जूनच्या शेवटच्या आठवड्यात, लावा. पिशवी ब्लेडने कापून काढा, मातीची हुंडी फुटू देऊ नका, तळाशी मूळ गोल फिरलेलं असेल तर तेवढं टोक छाटा. रोप पिशवीत होतं त्याच पातळीवर बसलं पाहिजे. माती पायाने हलकी दाबा आणि रोपाभोवती उंचवटा करा.

उंचवटा, आळं नाही. देशावरचे व्हिडिओ बघून लोक आळं करतात आणि आपल्या 3000 मिलिमीटरच्या पावसात त्याचं डबकं होऊन मुळं कुजतात. उताराच्या वरच्या अंगाला छोटा चर मारा म्हणजे वाहतं पाणी बाजूने जाईल. आळं करायचं ते ऑक्टोबरात, पाऊस गेल्यावर, उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्रासारखा बांध घालून.

पायरी 7: पहिली तीन वर्षं

रोप मरतं ते चार गोष्टींनी: गवत, गुरं, तहान आणि वणवा.

गवत ऑगस्टमध्ये कमरेएवढं होतं आणि रोप खाली गुदमरतं. श्रावणात एकदा आणि भात कापणीच्या आधी एकदा रोपाभोवती मीटरभर जागा बेणून घ्या. रानमोडी आणि घाणेरी दिसली की मुळासकट उपटा, फुलं यायच्या आत. बेणणाऱ्या माणसाला रोप कुठे आहे ते दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येकाशेजारी उंच काठी रोवा आणि तिला चिंधी बांधा, नाहीतर ग्रासकटरखाली गवताबरोबर रोपंही जातात.

गुरं भाताच्या कापणीनंतर मोकाट सुटतात. जांभा दगड असेल तर गडगा घाला, एकदाच खर्च. नाहीतर करवंदीच्या काट्यांची वई, ती दर वर्षी नवी करावी लागते.

पाणी पहिले दोन उन्हाळे, फेब्रुवारी ते पाऊस पडेपर्यंत, आठवड्यातून एकदा, पण भरपूर, दहा-बारा लिटर. रोज तांब्याभर घालण्याने मुळं वरच राहतात. एक लक्षात ठेवा, नाणा उन्हाळ्यात पानं गाळतो, ते त्याचं नेहमीचंच आहे. मेला म्हणून उपटू नका. बारीक फांदीची साल नखाने जराशी खरवडा, आत हिरवं असेल तर जिवंत.

आणि वणवा. जानेवारी ते मे, कुणी बांध जाळतो, कुणी विडी टाकतो, आणि दुपारच्या वाऱ्यात अख्खा डोंगर जातो, त्यात आंबा-काजूच्या उभ्या बागा जाताना सगळ्यांनीच बघितल्यात. डिसेंबर संपायच्या आत जमिनीच्या चारी बाजूंनी जाळरेषा काढा, गवत पूर्ण कापून, पाला झाडून, निदान 3-4 मीटर रुंद, उताराच्या खालच्या बाजूला जास्त, कारण खालून येणारी आग वर चढताना वेग घेते. शेजाऱ्यांशी बोलून एकत्र काढली तर खर्च वाटला जातो आणि काम पक्कं होतं. रोपाच्या बुडाशी आच्छादन घालायचं तर पावसानंतर लगेच घाला, बुंध्याला चिकटवू नका, आणि दोन रोपांमधली जमीन मोकळी ठेवा म्हणजे एकाची आग दुसऱ्यावर जात नाही. मोठ्या ऐनाची जाड साल आग बऱ्यापैकी सोसते, नाण्याच्या पातळ सालीला ते जमत नाही. तरीही जळलेलं रोप लगेच काढू नका, पावसात बुडातून फुटतं का बघा, फुटलं तर दुसऱ्या पायरीत सांगितलं तसं फुटवे निवडा.

नंतरचं थोडंसं

तिसऱ्या-चौथ्या वर्षी खालच्या फांद्या छाटता येतील, पण एका वेळी झाडाच्या उंचीच्या खालच्या एक तृतीयांश भागापर्यंतच, त्यावर हात लावू नका. छाटणी हिवाळ्यात, कोरड्या दिवशी. दोन शेंडे फुटले असतील तर त्यातला कमजोर काढा. साल सुटायला लागली की पोरं ती ओढत बसतात, सुटलेली निघाली तर हरकत नाही, चिकटलेली ओढू देऊ नका.

झाडं कंबरेच्या वर गेली की सातबाऱ्यावर झाडांची नोंद करून घ्यायचं बघा, तलाठ्याकडे अर्ज करून. ऐन आणि किंजळ 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या जमिनीतले असले तरी तोडायला परवानगी लागते, त्यामुळे पुढे विरळणी करताना कुठलं झाड कुठे, कधी लावलं आणि कुठलं जुन्या बुंध्यातून राखलं याची साधी वही पहिल्या दिवसापासून ठेवा. फोटोही काढून ठेवा, दर वर्षी त्याच जागेवरून.